अडचण आपली, धंदा कुणाचा?

(तरुण मुलींसाठी भरवलेल्या स्वयंरोजगार शिबिरात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



सकाळपासून इथं 'आयडिया' हा शब्द मी निदान वीस वेळा ऐकला. 'ताई, धंदा करायचाय, पण आयडियाच सुचत नाही,' असं चहाच्या वेळी तिघीचौघी म्हणाल्या. मला हसू आलं. पहाटे पाणी भरण्यापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत जिला दिवसाला दहा अडचणी भेटतात, तिला कल्पनांचा काय दुष्काळ? आपण त्या अडचणींना अडचण म्हणत नाही, बाईचा जन्म म्हणतो, एवढंच.

आदिती गुप्ताचं नाव काहीजणींनी ऐकलं असेल. झारखंडमधल्या गढवा या लहानशा गावात ती वाढली. बाराव्या वर्षी पाळी आली. दुकानातून पॅड आणणं घराण्याच्या अब्रूला शोभत नाही, म्हणून कापड वापरायचं. ते धुऊन कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा अंधाऱ्या, ओलसर कोपऱ्यात वाळवायचं. यात आपल्याला नवीन काय आहे? पुढं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकताना तिच्या लक्षात आलं की चांगल्या शिकलेल्या मुलींनाही स्वतःच्या शरीराची धड माहिती नाही. तिनं आणि तुहिन पॉल यांनी मिळून २०१२ साली 'मेन्स्ट्रुपीडिया' सुरू केलं आणि मुलींना पाळी समजावून सांगणारं चित्रकथेचं पुस्तक काढलं. अनेक भाषांत ते गेलं. जे लपवायला शिकवलं, त्यावरच तिनं आपला व्यवसाय उभा केला.

याच अडचणीची दुसरी गोष्ट एका पुरुषाची आहे. कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम. हातमागावर काम करणाऱ्या घरातला मुलगा, शाळा अर्धवट सुटलेली, वेल्डिंगच्या कारखान्यात काम. १९९८ साली लग्न झालं आणि बायको काहीतरी पाठीमागं लपवतेय, हे त्यांनी पाहिलं. त्या चिंध्या होत्या. पॅड का आणत नाहीस, विचारलं, तर उत्तर आलं की मग घरात दूध येणार नाही. हा माणूस कापसाचं पॅड करून पाहायला लागला. ते टिकेना. कंपन्यांच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडाच्या लगद्याचे तंतू असतात, हे कळायलाच दोन वर्षांहून जास्त काळ गेला. मधल्या काळात वापरून बघायला बायका तयार होईनात, तर फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचं रक्त भरून ते स्वतःच अंगाला बांधून हिंडले. लोकांनी वेड्यात काढलं. बायको माहेरी गेली, आईही सोडून गेली. शेवटी त्यांनी हजारांत बसेल असं साधं यंत्र तयार केलं, आणि ते बड्या कंपन्यांना न देता बायकांच्या बचत गटांना दिलं. २०१६ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांच्यावरून सिनेमा निघाला.

मला या माणसाचं मनापासून कौतुक आहे. पण एक विचारते. एखाद्या बाईनं असा ध्यास घेऊन पाच वर्षं संसार बाजूला ठेवला असता, तर तिची बाजू घेणारं कुणी उरलं असतं का? मुरुगनंतम यांची बायको, शांती, काही वर्षांनी परत आली. बाई वेडी ठरली की तिचा नवरा परत येतो, की दुसरं लग्न करतो?

हे कडू बोलते आहे, कारण माझ्या घरातलं मी पाहिलंय. १९९३ साली मी आणि माझ्या जाऊबाईंनी गोडा मसाला आणि भाजणी विकायला सुरुवात केली. सासूबाईंचं प्रमाण, आमची मेहनत. दोन वर्षांत कांडपयंत्र घेतलं, गाळा घेतला. कचेऱ्यांचे हेलपाटे कोण घालणार, म्हणून सगळे कागद दिरांच्या नावावर. आम्हालाही तेव्हा ते सोयीचंच वाटलं, हे कबूल करते. पुढं घरात वाटण्या झाल्या. यंत्र, गाळा, गिऱ्हाइकांची वहीसुद्धा कागदोपत्री आमची नव्हती. दीर फसवायला निघाले होते, असं नाही. त्यांना ते खरोखरच आपलं वाटत होतं. मी बाहेर पडले. जाऊबाई त्याच गाळ्यात अजून मसाला भाजतात, आणि भाजीला पैसे लागले तर मागतात.

म्हणून मला माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट जास्त जवळची वाटते. तिथं रस्त्याकडेला वेल्डिंग करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, तर बँक तिचं खातंच उघडेना. चेतना गाला सिन्हा यांनी ठरवलं की आपणच बँक काढू. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्या बायका अंगठेबहाद्दर. बायका चार अक्षरं शिकल्या, पाच महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण मोजता येतं. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तिघीचौघींना सुचत नव्हतं ना? पापड, पाळणाघर, शिवणयंत्राची दुरुस्ती, काय हवं ते घ्या. पण त्याआधी मला हे सांगा, तुमच्यापैकी किती जणींकडे स्वतःचं पॅन कार्ड आहे? हात वर करा. आणि एकटीच्या नावाचं बँक खातं, ज्याचं एटीएम कार्ड तुमच्याच पर्समध्ये असतं? बघा, हात कमी झाले.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती घरबसल्या करता येते. कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. जेवणानंतर मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार आहे. आधार कार्ड आणलं असेल तर घेऊन या. आणि मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं हे घरी विचारून सांगते, असं म्हणणाऱ्यांनी आधी जरा माझ्याशी बोलावं.