माझा तबकड्यांचा छंद

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला जॅझ संगीताच्या जुन्या तबकड्यांविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडचा तो पिपाण्यांचा गोंगाट ना?" होय, तोच. आमची भिंत एक असल्यामुळे तो त्यांनी माझ्याइतकाच ऐकला आहे. त्याबद्दल आधी त्यांची क्षमा मागते.

या छंदाची सुरुवात माझ्या एका चुकीने झाली. १९९६ सालच्या दिवाळीच्या साफसफाईत मी वडिलांची तबकड्यांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. त्यांना जाऊन वर्षही झाले नव्हते. पेटीत बालगंधर्व होते, अब्दुल करीम खाँसाहेब होते आणि दहाबारा इंग्रजी बाजाच्या तबकड्या होत्या. त्या आम्हां मुलांना कधीच कळल्या नाहीत. ग्रामोफोनची चावी मोडलेली, घरात जागा नाही. भंगारवाल्याने सारे वजनावर नेले. ग्रामोफोनवर चढविलेली एक तबकडी तेवढी चुकून मागे राहिली. 'अलबेला' चित्रपटातील 'शोला जो भडके'.

पुढे कित्येक वर्षांनी माझ्या भाच्याने मला लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकविली. १९२८ सालची ही तबकडी. सुरुवातीला कोणाचीही साथ नाही. एकटी ट्रंपेट वर चढते, गिरक्या घेते, खाली येते. मी हातातली भाजी तशीच ठेवली. हे ऐकले आहे, अण्णांच्या खोलीत ऐकले आहे, एवढेच मनात आले.

जॅझ म्हणजे काय, हे मला विचारले तर मी आपल्या बैठकीचे उदाहरण देते. ठरलेली चाल सर्वांनी मिळून वाजवावयाची आणि मग एकेकाने पुढे होऊन त्याच चालीवर आपल्या मनचे रचीत जावयाचे. आपल्याकडील गवयाची उपज वेगळ्या जातीची, पण उत्सुकता तीच: आता हा कुठे जाणार आणि समेवर कसा येणार! फरक वेळेचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात जे सांगावयाचे ते सांगून मोकळे व्हावयाचे. आपल्या सभांना हा नियम लावावा असे कधी कधी वाटते.

हे संगीत आपल्याकडे फार लवकर आले. १९३५ साली लिऑन अॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवावयास आला होता. आमच्या गोव्याच्या वादकांनी ही विद्या हां हां म्हणता उचलली. हळदोणे गावचे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले मोठे नाव. जन्म १९१६, मृत्यू १९६७. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत, 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ साली 'अलबेला'ला संगीत दिले, तेव्हा हेच वाझ त्यांच्याबरोबर होते. 'अलबेला' पाहाल तेव्हा भगवानदादा आणि गीता बाली यांच्यावरून क्षणभर नजर काढून मागे पाहा. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून वाजविणारी मंडळी दिसतील. तो त्यांचाच ताफा.

माझ्याकडची तबकडी मी भिंगाखाली धरून पाहिली. लेबलावर चित्रपटाचे नाव आहे, गाणाऱ्यांचे आहे, संगीतकाराचे आहे. वादकांचे नाही. पंगतीत वाढणारे दिसतात आणि चुलीपाशी कोण होते ते घरच्यांनाच ठाऊक, तसेच हे. तेव्हापासून मी मुंबईचा चोरबाजार आणि इथला आठवडी बाजार धुंडाळते आहे. आजवर एकसष्ट तबकड्या जमल्या. त्यांत आर्मस्ट्राँग आहे, एलिंग्टन आहे आणि बरीचशी हिंदी चित्रपटांची गाणी आहेत, ज्यांत गोव्याची ट्रंपेट वाजते.

या तबकड्या लाखेच्या असतात. लाख बहुतेक आपल्याच देशातून जगभर जाई. आपल्या बांगड्यांची तीच अमेरिकेच्या गाण्याचीही. पण लाखेला ऊन सोसत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली तबकडी पापडासारखी वाकते. उभी ठेवावी, एकीवर एक रचू नये. धुवावयाची तर साधे पाणी आणि मऊ कापड, लेबल भिजू न देता. स्पिरिट मुळीच लावू नये, लाख विरघळते. लोखंडी सुई दर बाजूला नवी घ्यावी. आणि लाँग प्ले तबकडीची बारीक सुई या तबकडीला लावू नये. खाच रुंद असल्यामुळे ती तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. माझ्या पहिल्या चार तबकड्यांची खरखर अशीच ऐकून मी त्यांना वाईट ठरविले होते.

आता एक मागणे. वडिलांना प्रत्येक तबकडीच्या लेबलावर जांभळ्या शाईने बारीक तारीख घालण्याची सवय होती, विकत घेतल्या दिवसाची. वजनावर गेलेले सामान पुष्कळदा गावातच फिरत राहते. तुमच्या माळ्यावर, सासूबाईंच्या ट्रंकेत, दिराच्या दुकानामागे अशी एखादी तबकडी असेल तर या दिवाळीत ती काढून टाकण्यापूर्वी लेबल पाहा. जांभळी तारीख दिसली तर मला हाक मारा. मी रिक्षा करून येईन. नेण्यासाठी जुनी उशी आणि दोन साड्या तयारच ठेवल्या आहेत.