शीतपेयाची बाटली आणि स्वदेशीचा हिशेब



बहुराष्ट्रीय आणि देशी कंपन्यांची झुंज म्हटली की आपल्या कार्यकर्त्यांचे मन आधीच एका बाजूला झुकलेले असते. ते स्वाभाविक आहे. पण या झुंजीत पणाला काय लागते आणि ते कोणाचे असते, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. शीतपेयांचा इतिहास त्यासाठी तपासण्याजोगा आहे.

१९७३च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना येथील आपले भागभांडवल सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणावे लागणार होते. कोका-कोलाने ते मानले नाही, अर्काचे गुपितही सोडले नाही. आणि १९७७ साली, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, ती देशाबाहेर गेली. सरकारने मॉडर्न बेकरीजकडून ‘७७’ नावाचे पेय काढविले. पाव करणाऱ्या सरकारी कंपनीचे हे पेय फार काळ टिकले नाही, यात नवल ते काय! मोकळी जागा भरून काढली ती पारलेच्या ‘थम्स अप’ने आणि पूर्वी कोका-कोलाच्याच बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सच्या ‘कॅम्पा कोला’ने.

पुढे १९९० साली पेप्सी आली, १९९३ साली कोका-कोला परतली. आणि त्याच वर्षी पारलेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट या आपल्या नाममुद्रा तिला विकून टाकल्या. थम्स अप तेव्हा बाजारात अग्रभागी होते. चवीत ते हरले नव्हते. मग विक्री का झाली? काचेची बाटली दुकानातून परत आणावी लागते, धुवावी लागते, पुन्हा भरावी लागते. त्यामुळे हा धंदा पेयाचा कमी आणि बाटल्या, खोकी, मालमोटारी व त्यांच्या फेऱ्यांचा अधिक. बाटल्या भरणारे बहुतेक कारखाने पारलेचे नव्हते. ते परवान्यावर चालणारे स्वतंत्र कारखानदार होते. अधिक भांडवलाचा धनी दारात उभा राहिल्यावर त्यांनी जुन्या नात्याला किती काळ चिकटून राहावे? कोका-कोलाला नावांबरोबर ही तयार साखळीही हवी होती. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसे झाले. थम्स अप ग्राहकांनी सोडले नाही, म्हणून ते टिकले. मात्र नफा परक्या तिजोरीत जाऊ लागला.

संरक्षण जनतेच्या कायद्याने दिले होते. विक्री मालकाने केली आणि किंमतही मालकाच्याच पदरात पडली. कायद्याने यात काही गैर नव्हते, आणि आपल्या धोरणाची खरी उणीव तीच होती. भागभांडवलाचे प्रमाण ठरविताना, संरक्षणातून उभ्या राहणाऱ्या मालमत्तेवर कामगारांचा वा समाजाचा काही हक्क असावा, हे कोणी लिहून ठेवलेच नाही.

२०२२ साली रिलायन्सने कॅम्पा विकत घेतला आणि २०२३ साली २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांना बाजारात आणली. पेय देशी, हे खरे. पण देशभर दुकानांची साखळीही याच उद्योगसमूहाची आहे; माल करणारा आणि फळीवर मांडणारा एकच. तालुक्याच्या गावी गोटी सोडा भरणाऱ्याला तिन्ही कंपन्या सारख्याच. दुकानदाराला कंपनी फ्रिज देते ते आपल्या बाटल्या मांडण्यासाठी. त्यात त्याच्या सोड्याला जागा नसते.