कच्चा लिंबू आणि खेळाचे शिक्षण



खेळ शिकायचा तर बूट हवेत, मैदान हवे, प्रशिक्षक हवा, असे आपण धरून चालतो. हे सारे हवेच. परंतु त्याआधी सोबती हवेत. नागपुरात २००१ साली क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना वस्तीतील मुले भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. चेंडू नव्हता, सोबती होते. त्यातूनच पुढे ‘स्लम सॉकर’ हा उपक्रम उभा राहिला.

भंडारा असो, तुमसर असो की पवनी, गल्लीतील मोठी मुले धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो बाद होत नाही. आपण त्याला हसतो, पण ते पोर मोठ्यांमध्ये धावते, पाहते, चुकते आणि एक दिवस स्वतःच म्हणते, “आता मला खरा गडी धरा.” रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी हेच शास्त्राच्या भाषेत मांडले. मुलाला जे एकट्याने जमत नाही, ते जाणत्याच्या मदतीने आधी जमते, मग एकट्याने.

कबड्डीच पाहा. मैदानात ७ गडी. कोपऱ्यातला शेजाऱ्याचा हात धरून उभा. चढाई करणारा वळला की एकाने घोटा धरायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी झेप घ्यायची. किंचित उशीर झाला की तो दोघांनाही बाद करून निसटतो. हा क्षण पुस्तकात सापडत नाही; धरलेल्या हाताच्या ओढीतून तो कळतो. घरच्या अंगणात एकट्याने कितीही बैठका काढा!

आता थोडे कडू बोलतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपण तिला खेळातून काढून घेतो. पालकांची काळजी मी समजू शकतो. परंतु मोठ्या मुली गेल्या की धाकट्यांना दाखवणारे कोणी उरत नाही. त्याही मागे फिरतात, आणि वर आपणच म्हणतो, मुलींना खेळाची आवड नाही!

असर ते मगरिबच्या दरम्यान शाळेच्या आवारात अर्धा-पाऊण तास मिळाला तरी पुरे. दोन-तीन माता तेथे बसाव्यात, दहावीच्या मुलींनी पाचवीच्या मुलींना खेळायला घ्यावे. अभ्यासाला मगरिबनंतरची वेळ मोकळीच राहते. ज्या मातांना बसणे शक्य आहे, त्यांनी मुख्याध्यापकांना तसे सांगावे.