श्वानकृमी आणि आपली शाळा



चाकणचा जनावरांचा बाजार आपल्या परिचयाचा आहे. मेंढपाळांचे कळप, राखणीचे कुत्रे आणि कारखान्यांभोवतीची दाट वस्ती या भागात एकत्र नांदतात. म्हणून हायडॅटिड रोगाचे ज्ञान आपणांस असणे अगत्याचे आहे.

या रोगाचा पट्टकृमी अवघा २ ते ७ मिलिमीटर लांबीचा असून कुत्र्याच्या आतड्यात राहतो. विष्ठेतील अंडी माती, पाणी वा न धुतलेली भाजी यांवाटे मुलांच्या पोटात जातात. पुढे यकृतात अथवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते. फुटल्यास ती जिवावर बेतू शकते. वेळीच सोनोग्राफी केल्यास अल्बेंडाझोल वा शस्त्रक्रिया यांनी उपचार होतो. हा रोग माणसापासून माणसास होत नाही. सबब अशा मुलास वर्गात दूर बसविणे अन्यायाचे होय.

मेंढ्या-गुरांच्या अवयवांतही अशाच गाठी होतात. ते अवयव कच्चे खाल्ल्याने कुत्र्यास कृमी जडतो. म्हणून ते खोल पुरावेत वा जाळावेत, आणि पाळीव कुत्र्यास पशुवैद्याकडून नियमित जंतनाशक द्यावे. मुलांस कुत्र्यावर दगड उगारण्यास न शिकविता, त्यास हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यास शिकवावे, एवढी विनंती.