वाळू गिळत नाही

सिनेमातला खलनायक वाळूत गळ्यापर्यंत जातो आणि शेवटी त्याची टोपी तेवढी वर उरते, हे चित्र आधी डोक्यातून काढा. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी इराणमधल्या एका खाऱ्या सरोवराकाठची अशी वाळू तपासली आणि 2005 साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. बारीक वाळू, चिकणमाती आणि खारं पाणी यांचं हे मिश्रण पाण्याच्या साधारण दुप्पट जड असतं. माणसाचं शरीर जेमतेम पाण्याइतकं. त्यामुळे कमरेपर्यंत गेला की माणूस तरंगायला लागतो. मग तो अडकतो कशानं? घट्ट लागलेलं दही आठवा. हात लावला नाही तोवर एकसंध. पळी फिरवली की मोडतं, पाणी सुटतं, गठ्ठा तळाशी बसतो. पाय झाडला की वाळूचंही तेच होतं: आधी पातळ होऊन आत घेते, मग पाणी सुटून पायाभोवती आवळते. तो पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगानं उपसायला मध्यम मोटार उचलण्याइतकी ताकद लागते, असा त्या संशोधकांचा हिशेब. पाय हळूहळू हलवत राहिलं तर पाणी पुन्हा आत शिरतं आणि वाळू सैल होते. पुन्हा सांगतो, वाळू गिळत नाही, घाई रुतवते.

कुणी म्हणेल, मग माणसं मरतात ती? मरतात, पण भरतीनं. इंग्लंडमधल्या मोरकम खाडीची वाळू अशीच बदनाम आहे. तिथे फेब्रुवारी 2004 मध्ये शिंपले वेचणारे किमान 21 चिनी मजूर गेले, ते भरतीच्या पाण्यात सापडून. म्हणून 'हलू नका, गप्प पडून राहा' हा सल्लाही अर्धवटच, आणि कर्जात रुतलेल्याला आपण नेमका तोच देतो. व्याज काही थांबत नाही, ते भरतीसारखं चढतच राहतं. उलट हप्ता चुकला म्हणून मोबाइलवरून दुसरं कर्ज, त्याच्यासाठी तिसरं, हे पाय झाडणं झालं. दही मोडलं ते असंच. एवढंच ऐका: हप्ता जड जात असेल तर नवं कर्ज काढू नका. तो थकण्याआधी जुन्याच बँकेत जा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळेल का, ते लेखी विचारा.