पावसाळ्याची दुसरी बेगमी



बेगमी हा शब्द आपल्या घरांतून अजून गेलेला नाही, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की अंगणात पापड-कुरडया वाळत पडतात, वर्षाचे तिखट कुटून होते, धान्यात कडुलिंबाचा पाला जातो, कौले चाळली जातात, गोठ्याशेजारी कडब्याची गंज उभी राहते. मृग लागायच्या आत हे सारे उरकले पाहिजे, असा घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा दंडक असतो. आणि तो मोडण्याची छाती सहसा कोणाची होत नाही. संकट येण्याआधी तयारी करावी, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. ते आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे.

परंतु या बेगमीचा हेतू काय, याचा कधी विचार केला आहे का? बाहेर धो धो पाऊस पडो, वाटा बंद होवोत, घराबाहेर पाऊल टाकण्याची पाळी येऊ नये, हा तिचा हेतू. म्हणजे ही झाली घरात राहण्याची बेगमी. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते दुसऱ्या बेगमीविषयी. घर सोडून निघण्याच्या बेगमीविषयी. पहिली आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. दुसरी मात्र फार थोड्या घरांत असते. आणि ज्या दिवशी तिची गरज पडते, त्या दिवशी ती करायला वेळ उरलेला नसतो.

हा विषय घरात काढला की कोणीतरी म्हणणारच, ‘शुभ बोल रे नाऱ्या!’ पुराची, भूकंपाची भाषा बोलली की ते संकट जणू दारात येऊन उभे राहते, अशी आपली एक समजूत आहे. पण बघा, मुंबईला जाणारा माणूस औषधाची डबी बरोबर घेतो, म्हणून काही तो आजारी पडत नाही. बोलल्याने पूर येत नाही; न बोलल्याने तो थांबतही नाही.

उदाहरणादाखल कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची घरे घेऊ. काही संकटे अशी असतात की ती विचार करायला क्षणाचीही सवड देत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हलली, तेव्हा दगडमातीच्या भिंतींखाली झोपलेल्या माणसांना उठून बसायलाही अवधी मिळाला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुणेकरांच्या हाती काही तास होते, तेवढेच. कृष्णेचा पूर तसा नाही. तो सांगून येतो. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळते, वारणा हरिपूरला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळते. हे सारे पाणी चढायला वेळ लागतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आपल्या अंगणात लख्ख ऊन पडलेले असते, पण राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की जाणता माणूस काय ते समजतो.

मग इतका सांगून येणारा पूर माणसांना घरात कसा गाठतो?

याचे पहिले कारण म्हणजे मागच्या पुराची खूण. २००५ साली पाणी जिथवर आले, तिथे लोकांनी भिंतीवर रेघ ओढून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले, तेव्हा कित्येक घरांतून एकच वाक्य ऐकू येत होते, ‘पाच साली पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काही येत नाही.’ आणि ते त्याच्या वर आले. आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पलीकडे गेले, राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेने पुन्हा ५५ फूट ओलांडले. मागच्या पुराची रेघ ही मागच्या पुराची साक्ष असते. पुढच्या पुराने दिलेला तो शब्द नव्हे.

दुसरे कारण गोठ्यात बांधलेले असते. दुभती म्हैस दाव्याला ठेवून शेतकऱ्याचा पाय निघत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. तिसरे कारण चोरीची धास्ती. चौथे, अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस, जे म्हणते, ‘माझं काय व्हायचं ते इथंच होऊ दे.’ आणि पाचवे कारण आपण सहसा बोलून दाखवत नाही: निघायचे की नाही हे ठरवायचे कोणी? कर्ता पुरुष साखर कारखान्यावर गेलेला, सासरे पाराशी पाणी बघायला गेलेले, आणि घरात सून व दोन मुले. तिला कळते आहे, पण ती वाट बघते.

या वाट बघण्यात जे तास जातात, त्यांची किंमत फार मोठी असते. कोरड्या रस्त्याने, दिवसाउजेडी, स्वतःच्या पायाने निघणे ही एक गोष्ट. आणि रात्री कमरेएवढ्या पाण्यातून दुसऱ्याच्या खांद्यावरून निघणे ही दुसरी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली, आणि बायकामुलांसह अनेकांचे प्राण गेले. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. वेढा पडल्यावर सुटकेची वाटसुद्धा किती नाजूक होते, एवढेच ध्यानात यावे म्हणून सांगतो.

तेव्हा दुसऱ्या बेगमीतली पहिली वस्तू विकत मिळत नाही. ती म्हणजे निर्णय. आपल्या पुलाजवळ किती फूट पाणी झाले म्हणजे ते आपल्या गल्लीत शिरते, हे नगरपालिकेत, तलाठ्याकडे किंवा जुन्या शेजाऱ्यांकडे विचारून घ्या. त्याच्या दोन-तीन फूट अलीकडचा आकडा ठरवा आणि तो स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा. तो आकडा रेडिओवर ऐकू आला की निघायचे. मग आभाळ उघडलेले असो, नाहीतर शेजारी हसोत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या वेळी घरात जो असेल त्याचा हुकूम चालेल, हे सगळ्यांच्या देखत आज ठरवून टाका. सासऱ्यांनी सुनेला सांगावे, ‘मी नसलो तर माझी वाट बघायची नाही. पोरांना घेऊन निघायचं.’ वडीलधाऱ्यांच्या तोंडचे हे एक वाक्य शंभर वस्तूंच्या तोडीचे आहे. आकडा येण्याआधीच निघण्याची सूचना सरकारकडून आली, तर अर्थातच आकड्याची वाट पाहायची नाही.

दुसरी गोष्ट: जायचे कोठे? उंचावरच्या गावी आपले कोणीतरी असतेच. मावशी असते, व्याही असतात, दूधसंघातले ओळखीचे असतात. त्यांना श्रावणात भिजून जाऊन विचारण्यापेक्षा चैत्रात सुपारी कातरताना विचारलेले बरे. जनावरांचीही सोय त्याच वेळी बोलून ठेवावी. जनावरे माणसांच्या आधी हलवावीत, म्हणजे माणसे त्यांच्यासाठी अडकून पडत नाहीत. आणि तेही जमले नाही, तर निदान दावे सोडून द्यावे. मोकळे जनावर पोहून थडीला लागू शकते, बांधलेले लागत नाही. चोरीच्या धास्तीवर उपाय एकच: दागिने पावसाळ्याआधीच बँकेत ठेवावेत, आणि गल्लीने एकत्र ठरवून एकत्र निघावे.

आता पिशवी. घरातल्या सगळ्यांत नाजूक बाईला एका कडेवर मूल घेऊन दुसऱ्या हाताने उचलता येईल, एवढीच ती जड असावी. ट्रंक नको. तिच्यात काय असावे? आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, विम्याचे कागद आणि मुलांचे शाळेचे दाखले. हे सारे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. त्यांच्या छायाप्रती त्या उंचावरच्या नातलगाकडे. रक्तदाबाची, मधुमेहाची, दम्याची जी औषधे घरात चालतात, ती पंधरा दिवसांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. विजेरी आणि तिचे जादा सेल. सेलवर चालणारा छोटा रेडिओ. मोबाईल भारण्याची बॅटरी. सुट्ट्या नोटा. शेंगदाणे, गूळ, फुटाणे, आणि पिण्याचे पाणी. एकेक कोरडा कपडा, घरातल्या बायकामुलींना लागणाऱ्या घड्या, म्हाताऱ्यांचा जादा चष्मा. एक शिट्टी; ओरडून घसा बसतो, शिट्टी दमत नाही.

आणि एक कागद. मोबाईल आल्यापासून आपल्याला कोणाचाच नंबर पाठ राहिलेला नाही, आणि पुरात पहिल्यांदा डोळे मिटतो तो मोबाईलच. म्हणून आप्तांचे नंबर शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने लिहावेत. शाई ओलीने पसरते. त्याच कागदावर तीन सरकारी नंबर असू द्या: कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७.

निघताना विजेचे मुख्य बटण बंद करावे, मात्र हात कोरडे आणि पाय कोरड्यात असताना. गॅसचे रेग्युलेटर बंद करून काढून ठेवावे. धान्य आणि अंथरुणे माळ्यावर टाकावीत. त्यासाठी वेळ असला तरच. वाटेत फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते ओलांडण्याचे धाडस कोणी करू नये. वाहते पाणी पोटरीएवढे असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते, आणि दोन फूट पाणी मोटारीलाही ओढून नेते. रोजच्या ओळखीचा पूल म्हणून तो त्या दिवशी ओळख ठेवत नाही.

पूर ओसरला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. परतल्यावर वीज आपण होऊन चालू करू नका. तारतंत्र्याला आधी दाखवा. अडगळीत हात घालण्यापूर्वी काठी घाला, कारण सापांनीही तिथेच आसरा घेतलेला असतो. पाणी उकळूनच प्या. पुराचे पाणी लागलेले पीठ आणि धान्य जिवावर उदार होऊन वापरू नका, टाकून द्या. चिखल उपसताना पायात गमबूट असावेत. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला, तर अंगावर न काढता दवाखान्यात जा आणि ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरला आवर्जून सांगा. लेप्टोचा ताप असाच येतो. आणि घर धुण्याआधी नुकसानीचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी तोंडी साक्षीवर विसंबावे लागणार नाही.

ज्यांचे घर नदीकाठी नाही, त्यांनी हे भाषण शेजारच्यांसाठी आहे असे समजू नये. डोंगरउतारावर राहणाऱ्यांची रेघ निराळी असते. जमिनीला नवी भेग पडली, झाडे आणि विजेचे खांब कलू लागले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, की ती त्यांची निघण्याची खूण. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. अशा ठिकाणी मुसळधार पावसाच्या रात्री खाली शाळेत किंवा नातलगांकडे झोपायला जाणे हा भित्रेपणा नव्हे. भूकंप मात्र कोणतीच रेघ देत नाही. तिथे आधीच करायचे ते एवढेच की पलंगाच्या डोक्यावर जड फळी अगर कपाट नसावे, आणि उशाशी विजेरी व चपला असाव्यात. पिशवी मात्र सगळीकडे तीच.

शेवटी एक सुचवतो. येत्या रविवारी जेवणे झाली की घड्याळ समोर ठेवा आणि मुलांना सांगा, ‘आकडा आला, निघायचं!’ पिशवी सापडते का, आजींना दारापर्यंत न्यायला किती वेळ लागतो, विजेचे मुख्य बटण नेमके कोठे आहे, हे सगळे कळेल. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल आणि घरभर हसू होईल. होऊ द्या. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटे पुरतील. पोरांना हा खेळ वाटतो, आणि खेळात शिकलेले पोर विसरत नाही.

पापड-कुरडयांचे डबे भरून झाले असतील, तर आता दारामागे तो आकडा लिहा. पुढच्या दहा वर्षांत तो एकदाही उपयोगी पडला नाही, तर फार उत्तम. ही एकच बेगमी अशी आहे की ती वाया गेली म्हणून कोणाला वाईट वाटू नये.

आपल्या सर्वांचा पावसाळा सुखाचा जावो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.