बदकाचे पाय आणि पिसें

भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें मिरचीच्या बाजारासाठीं ओळखलें जाणारें गांव. भोंवतालच्या शिवारांत मका, कापूस आणि ज्वारी. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. पाण्यांत रमणाऱ्या पक्ष्याला हा मुलूख तितकासा सोयीचा नाहीं. तरीही समजा, अशा गांवीं किंवा शहरांतील एखाद्या घराच्या आवारांत मुलांच्या हट्टासाठीं बदकाचीं चार पिल्लें आणलीं. पंधरा दिवस तीं मुलांच्या मागें घरभर धांवतात. मग त्यांतील एक मागें राहूं लागतें. चार पावलें टाकून बसतें. दुसऱ्या दिवशीं ताटलीपर्यंत पंखांच्या आधारानें सरपटत जातें. आजीबाई म्हणतात, वारें गेलें. शेजारी म्हणतात, मुलांनीं कोठें तरी पाडलें असेल. मुलें रडकुंडीला येतात आणि वडील मंडळी पिल्लाची आशा सोडून देतात.

हीच घाई बहुधा नडते. बदकाच्या पायांवर व पिसांवर जें दिसतें, त्याचें मूळ पुष्कळदां त्याच्या ताटलींत, पायांखालच्या जमिनींत किंवा पाण्यांत असतें. औषध शोधण्यापूर्वीं हीं तीन ठिकाणें तपासलीं, तर निम्मी चिकित्सा घरींच होते.

प्रथम ताटली. बाजारांत कोंबडीच्या पिल्लांचें खाद्य सहज मिळतें, म्हणून तेंच बदकाला घातलें जातें. नाहीं तर मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा पुढें ठेवला जातो. परंतु बदकाच्या पिल्लाला नायासिन नांवाचें जीवनसत्त्व पुष्कळ लागतें. एक किलो खाद्यांत तें सुमारें ५५ मिलिग्रॅम असावें लागतें. लेगहॉर्न जातीच्या कोंबडीच्या पिल्लाला २७ पुरतात. मक्यांत नायासिन असतें, पण तें अशा रीतीनें बांधलेलें असतें कीं, पचनांत सुटून येत नाहीं. माणसांतही याचा दाखला आहे. अमेरिकेंत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग होई; १९३७ सालीं कॉनरॅड एल्वेहजेम यांनीं त्यावरील उपायाचें गमक नायासिनांत असल्याचें दाखविलें. पुढें १९६० च्या सुमारास हैदराबाद येथें डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांत आढळणाऱ्या याच रोगाचा अभ्यास केला. जें धान्य एकट्यानें माणसाला पुरत नाहीं, तें वाढत्या बदकाला कसें पुरावें?

नायासिन कमी पडलें म्हणजे दोन्ही पाय दुबळे होतात, बाहेरच्या बाजूस वांकतात आणि घोट्याचे सांधे जाड दिसूं लागतात. येथें दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. आरंभींच खाद्यांत यीस्टची भुकटी किंवा पशुवैद्यांनीं ठरविलेल्या प्रमाणांत नायासिन दिलें, तर कित्येक पिल्लें थोड्याच दिवसांत उभीं राहतात. हाडें एकदां वांकडीं वाढलीं, म्हणजे मग कोणतेंच जीवनसत्त्व तीं सरळ करूं शकत नाहीं. मँगनीज व कोलीन यांच्या उणिवेनें घोट्यामागील शीर जागची सरकते आणि पाय आडवा फिरतो; तेथेंही विलंब घातक ठरतो. याउलट एकच पाय एकाएकीं दुखूं लागला, गरम लागला किंवा सुजला, तर दुखापतीचा संशय घ्यावा. बदकाला पाय धरून कधींही उचलूं नये. पंख अंगाशीं मिटवून, पोटाखालीं हात घालून उचलावें.

ताटलींतला दुसरा शत्रू म्हणजे बुरस. १९६० सालीं इंग्लंडमध्यें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगानें मेले. शोध घेतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचें विष सांपडलें. त्यालाच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. या विषाला बदकाचें पिल्लू इतकें हळवें असतें कीं, शास्त्रज्ञांनीं विष ओळखण्यासाठीं त्याचाच उपयोग केला. अशीं पिल्लें लंगडतात, एकमेकांचीं पिसें उपटतात, त्यांचे पाय जांभळट दिसतात. पावसाळ्यांत दमट झालेला मका किंवा पेंड वास घेऊन पाहावी. संशय येतांच टाकून द्यावी. निवडून, वाळवून किंवा शिजवून हें विष जाईल अशा भरंवशावर राहूं नये.

पावाचे व बिस्किटांचे तुकडे हा मुलांचा लाडका खाऊ. पोट भरतें, पण पोषण होत नाहीं. फार पिष्टमय खाण्यानें पिल्लाची वाढ झपाट्यानें झाली, तर पंखाचें टोंक बाहेर वळतें असें मानतात. सुरुवातीस पशुवैद्य पंख मिटवून कांहीं दिवस मऊ पट्टीनें बांधतात व तो सुधारतो. मोठेपणीं तो तसाच राहतो.

आतां जमीन. बदकाचा तळवा ओल्या मातीसाठीं आहे, शहाबादी फरशीसाठीं किंवा सिमेंटच्या गच्चीसाठीं नव्हे. कठीण, खडबडीत जागीं तळव्याला बारीक जखम होते, तींत जंतू शिरतात आणि मध्यें काळी खपली असलेली गांठ धरते. पक्ष्याचा पू माणसासारखा वाहता नसून चक्क्यासारखा घट्ट असतो. म्हणून गांठ पिळून कांहीं निघत नाहीं. लहान जखम कोमट मिठाच्या पाण्यांत शेकून, कोरडी करून, बदकाला जाड, स्वच्छ काडावर ठेवावें. गांठ मोठी असेल, तर ती घरीं कापूं नये. तें काम पशुवैद्यांचें.

शेवटीं पाणी आणि पिसें. शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथीचें तेल बदक चोंचीनें पिसांना चोळतें. त्यासाठीं त्याला रोज आंघोळ हवी; निदान डोकें पूर्ण बुडेल एवढें खोल घंगाळ हवें. तें न मिळाल्यास पिसें मळतात, पाणी धरतात आणि भिजलेलें बदक गारठतें. मानेवर किंवा पाठीवर टक्कल पडलें, तर नर जास्त झाले आहेत का तें पाहावें. एका नरामागें चार-पांच माद्या असाव्यात. पिसांच्या मुळाशीं उवा दिसल्यास औषध विचारूनच लावावें. मात्र वर्षांतून एकदां पिसें गळून नवीं येणें हा रोग नव्हे. त्या दिवसांत प्रथिनांचा आहार वाढवावा, एवढेंच.

उन्हाळ्यांत साचलेल्या, कुजकट डबक्याचें भय मोठें. त्यांतील बॉट्युलिझमच्या विषानें प्रथम पाय, मग पंख आणि शेवटीं मान लुळी पडते. हा प्रकार तासांचा आहे. असें बदक ताबडतोब दवाखान्यांत न्यावें.

मराठवाड्यांत परभणी व उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तेथें जातांना पिल्लाबरोबर त्याचें मूठभर खाद्यही न्यावें, आणि वय, खाद्य, जमीन, दुखणें एका पायांत कीं दोन्हींत, केव्हांपासून, एवढ्या गोष्टी सांगाव्यात. परतल्यावर मुलांना साबणानें हात धुण्यास शिकवावें. सरपटणाऱ्या पिल्लाकडे पाहून रडणाऱ्या मुलाच्या हातीं त्याचें पाणी बदलण्याचें व ताटली तपासण्याचें काम दिलें, तर पिल्लाला वेळेवर मदत मिळते आणि मुलाला दुःखापेक्षां अधिक उपयोगाचें कांहीं तरी शिकायला मिळतें.